एक काना

कूलर सुरू केला की मगच ती खोली बोलायची.
गांधीबागेत, लतीफभाईंच्या दुकानावर, पहिला मजला.
मे महिना. खाली ते जाळ्यांत नवा वाळा ठोकत असतात
आणि ओल्या गवताचा वास जिना चढून येतो.

फॉर्मवर नावाच्या रकान्यात नुसतं आडनाव होतं: निनावे.
"आडनावातच सोय आहे," म्हणून हसणं,
आणि हसताना नजर दाराच्या कडीवर.

मी म्हटलं, "बस. ऊन लागलं का? केव्हा आलास?"

बस्स, एवढंच.
पुढची चाळीस मिनिटं कूलर बोलला.
माठातलं पाणी पेल्यात तसंच.
जाताना चपलेचा पट्टा लावायला लागलेला वेळ,
तेच आमचं पहिलं संभाषण.

शिकत होते तेव्हा पुस्तकात होतं: बिनशर्त स्वीकार.
बिनशर्त हा शब्द मला ठाऊक होता पेपरातल्या माफीमुळे,
कोर्टात घाईघाईनं मागितलेल्या.
त्या रात्री भात चिवडत मी माझ्यातलं बिनशर्त शोधलं.
सापडली ती शर्तच:
आधी मला कळू दे तू कोण,
मग स्वीकारते.

पुढच्या शनिवारी मी "आलात" म्हटलं.
आलातमध्ये बाई नाही, पुरुष नाही,
सभेच्या पहिल्या रांगेतली खुर्ची आहे, पांढऱ्या खोळीची.
"मी काय तहसीलदार आहे का मॅडम?"
आणि पाणी प्यायलं गेलं.

मग हळूहळू.
बंद मागावर वाळत टाकलेले कपडे,
त्यातली मोठ्या बहिणीची ओढणी,
दोनदाच, मॅडम, खरंच दोनदाच.
आयटीआयच्या हजेरीत हाक आली की पोटात पडणारा खड्डा.
मामानं कुठूनसा बांधून आणलेला काळा दोरा.
दोऱ्याबद्दल मी मत दिलं नाही.
उताराही शोधला नाही,
दुखणं त्या अंगात नव्हतंच,
हजेरीच्या वहीत होतं.

एकदा दारातूनच, "मी आलो."
पुढच्या खेपेला, "मी आले," कूलरच्या आडून, जेमतेम.
मी वहीत लिहून पाहिलं, शाळेत घोकायचो तसं:
ल ला एक काना एक मात्रा, लो.
ल ला एक मात्रा, ले.
एवढ्याशा उभ्या काठीपायी
माणसाचं ताट वेगळं मांडतात घरी.

माझी आई दर्यापूरकडची.
"येतो मी बाप्पा," म्हणत जन्मभर घराबाहेर पडली,
पाच लेकरांची आई.
पुण्याच्या काकू तोंडाला पदर लावून हसायच्या.
हे मी निनावेला सांगितलं.
सांगायला नको होतं कदाचित,
तो तास माझ्या आईचा नव्हता.
पण खिडकीतून खाली बघत प्रश्न आला,
"मंग मी तुमच्या आईवानी बोललो, तं चालते?"
"चालते."
"अन् कधी नाही बोललो तसं, तं?"
"तेही चालते."
"अन् तुम्ही? तुम्ही मले काय म्हणसान?"

मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.
बराच वेळ वाळ्यातून पाणी ठिबकत राहिलं.
"मंग दरवेळी इचारत जा."

आज शनिवार.
लतीफभाईंनी वर येऊन आमच्याही ताट्या बदलून दिल्या,
पैसे घेतले नाहीत,
इथं कोण कोण येतं तेही विचारलं नाही.
आत्ताच वीज गेली. पाती गरगरत थांबली.
जिन्यावर चपला वाजतायत.
मी वाक्य सुरू करते
आणि क्रियापदाच्या अलीकडे थांबते.
"ये. आज काय म्हणू?"

उत्तर जिन्यातूनच येतं,
खाली दुकानात हातोडी थबकेल एवढ्या मोठ्यानं.

ते इथं लिहायचं तर
आधी विचारावं लागेल.