दहा सेकंद

नाकाला चिमटा, तोंडात नळी.
'पूरा छोड़ो, दद्दा. और… और…
अब खींचो. रोको!'
इथून दहा सेकंद माझ्या हातात काही नसतं.
त्याच्याही.

सिलिंडरमधल्या हवेत चिमूटभर विष आहे,
कोंदलेल्या शेगडीच्या धुरात असतं तेच, मोजून घातलेलं.
आत किती गेलं, ठाऊक.
परत किती आलं, ते यंत्र सांगेल.
मधला हिशेब म्हणजे हरविलास, मुक्काम घाटीगाव.
दद्दा म्हटलं खरं,
कागदावर तो माझ्याहून चार वर्षांनी लहान निघाला.

दोन. तीन.
आत हवेला कुणी ढकलत नाही.
छाती तिला उंबऱ्यापर्यंत आणून सोडते, बस.
पुढे प्रत्येक कण आंधळा, वाटेल तिकडे भरकटणारा;
पण दाटीतून भरकटत निघणारे जास्त,
विरळातून परतणारे थोडे,
म्हणून वाहणं एका दिशेला.
पुस्तकात याला विसरण म्हणतात.
शिकत होते तेव्हा मी कित्येक दिवस
विस्मरण वाचायचे.

पाच.
मधली भिंत उलगडून पसरली
तर बॅडमिंटनचं मैदान झाकेल,
आणि जाडी विचाराल तर
माझा एक केस उभा चिरून शंभर भाग करा,
त्यातल्या एकाएवढीही नाही.
असायला हवी.

त्याच्या भिंतीत दगडाचं पीठ बसलंय.
बावीस वर्षं छिन्नी, तोंडाला नुसता गमछा.
शरीरानं केलं ते भल्याच्याच भावनेनं:
कणाकणाभोवती गाठ मारली, गाठीवर वण.
आता अलीकडे वायू आहे, पलीकडे रक्त आहे,
आणि दोघांना एकमेकांचं काही कळत नाही.

सात मोजायचा राहिला.
खिडकीबाहेर किल्ल्यावरून उतरलेलं धुकं,
धुक्यात कडुनिंब,
पानांच्या पाठीवर लाखो बारीक ओठ;
त्यांना कुणी रोको म्हणत नाही.

आठ. त्याच्या मानेची शीर.
नऊ. लश्करमधलं आमचं घर, वर दगडाच्या पाटिया.
मे महिन्यातसुद्धा आत गारवा.
बाबा पाहुण्यांना छत दाखवून सांगायचे,
दगड कसा, जाड हवा.

'छोड़ो!'

खोकला बराच वेळ चालला.
मग पडद्यावर आकडा: अडतीस टक्के.
'कितने नंबर आए, बहनजी?'
'डॉक्टरसाहब बताएँगे.'
शंभर आले असते तरी हेच म्हणाले असते,
आमच्याकडे तसा नियम आहे.

धाप बसेपर्यंत तो खिडकीशी टेकला.
अंगठा कडेवरून फिरवला, एकदा, परत एकदा,
कापडाचा पोत बघावा तसा.
'ये हमारी तरफ का है,' म्हणाला.
मग श्वास घेऊन, 'अच्छा पत्थर है.'

चार मिनिटं थांबावं लागतं,
आतलं उरलंसुरलं निघून जायला.
मग दुसऱ्यांदा.
मी नळी बदलते.