क्रेटवरचा पत्ता

उद्यमबागेत एकतीस वर्षं लाकडाचे पॅटर्न तासले,
जहाजावरच्या पंपाच्या पोटाचे.
माझ्या लाकडावरून वाळूत साचा, साच्यात लोखंड,
मग घासकाम, रंग, क्रेट,
आणि क्रेटवर स्टेन्सिलनं पत्ता: तोर्सहाव्न, फॅरो बेटं.
हे कुठं आलं, कुणी विचारलं नाही. पगार वेळेवर होता.
मीच एकदा नातीच्या ॲटलासात बोट फिरवलं:
स्कॉटलंडच्या वर, आइसलंडच्या अलीकडं,
चुरमुरे खाताना सांडावेत तसे अठरा तुकडे.

आता फंडाचे पैसे आलेत. गुडघे अजून ऐकतात.
जायचं ठरलं;
पण ड्रॉइंग बघितल्याशिवाय मी रंधा कधी उचलला नाही.

रामदेव गल्लीत जिन्याखाली शिवलिंगप्पाचं दुकान.
कॅम्पातले साहेब बदलून जाताना पुस्तकं टाकून जातात,
तो ती किलोनं घेतो आणि नगावर विकतो.
दोन महिने लागले त्याला. मग एके दिवशी स्टुलावर तीन ठेवली.
‘नोडरी,’ म्हणाला, ‘ही तुमची बेटं.
पन्नास वर्षांत कुणी मागितली नव्हती.’

माझं इंग्रजी टॉलरन्सपुरतं. बाकीचं डिक्शनरी बघते.

पहिलं जाड, रंगीत. पानोपानी हिरवे कडे,
छपरावर गवत, चोच रंगवलेले पक्षी.
एकाही फोटोत धुकं नाही.
पण मागं बारीक टायपात लिहिलंय, वर्षाचे तीनशे दिवस पाऊस.
दुसरं एका बाईचं. ती तिथं हिवाळाभर राहिली
आणि हिवाळाभर स्वतःविषयीच लिहीत बसली.
नवरा सोडून गेला होता म्हणे. वाईट वाटलं,
पण बस किती वाजता सुटते?

मग एक युक्ती सुचली.
म्हटलं, शिवलिंगप्पा, त्याच कंपनीचं भारताचं पुस्तक आहे काय?
होतं. विटेएवढं.
मी आपलं गाव काढलं.
अडीच ओळी.
गोव्याला जाताना इथं बस बदलावी. किल्ला आहे. हवा बरी.
संपलं.
कुंदा नाही, वडगावचे माग नाहीत,
एका पाटीवर दोन लिप्या आणि त्यावरून झालेली डोकेफोड नाही,
भट्टीच्या उजेडात भरमाण्णाचा चेहरा तांबूस व्हायचा, तो नाही.
खोटं काहीच नव्हतं, हीच पंचाईत.
जाड पुस्तक मी परत स्टुलावर ठेवलं.

तिसरं पातळ, पुठ्ठा निघालेला.
लिहिणारा एका बेटावर बोट चुकवून बसला.
नऊ तास. थांब्यावर एक म्हातारा, पंप उघडून बसलेला.
दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.
म्हातारा आपली बोलायचा, मग सरकारी बोलायचा,
मग गप्प बसून पाना पुढं करायचा.
पंपाचं वर्णन चार ओळी आहे. मी ते दहादा वाचलं.
कंपनीचं नाव दिलेलं नाही.
देणार तरी का?

लोखंड थंड होताना आकसतं.
म्हणून पॅटर्न शंभराला एक मोठा ठेवायचा,
हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.
पुस्तकांचं आकसणं किती धरायचं
याची फूटपट्टी कुठं मिळते, ठाऊक नाही.
‘तगोळ्री,’ शिवलिंगप्पा म्हणाला, ‘चाळीस द्या.’
मी पन्नास दिले आणि सुट्ट्यासाठी थांबलो नाही.

शेवटच्या पानावर दहा-बारा शब्द आहेत.
डोंगर, मेंढी, उद्या, कितीला.
आभाराला तिथं ‘ताक’ म्हणतात.

रात्री रेणुकानं जेवताना पेला पुढं केला.
सराव म्हणून मी म्हणालो, ‘ताक.’
‘ताकच आहे की ओ,’ ती म्हणाली,
आणि आणखी अर्धा पेला ओतला.