सुटी हाडं

शनिवारी माझे वडील देवमासा पुसत.
कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये, घोडीवर चढून,
जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं,
एकेक बरगडी, एकेक मणका.
रविवारी तेच हात
फतेगंजच्या देवळात घंटेचा दोर ओढत,
आणि उपासनेनंतर आम्हा पोरांपुढे
विश्वामित्रीच्या काठची माती ठेवत. माणूस करा.
आम्ही करायचो.
आता फुंका, म्हणायचे.
आम्ही फुंकायचो.
पुढच्या रविवारपर्यंत माणसं वाळून
कमरेतून तडकलेली असायची.

देवमाशाच्या पोटाखाली, शेपटाच्या जरा अलीकडे
तारेनं टांगलेली दोन हाडं होती.
हातभर लांब. कशालाच न जोडलेली.
सहलीची पोरं बोट दाखवून विचारायची,
काका, आ हाडकुं शेनुं?
वडील म्हणायचे, एनुंज छे. त्याचंच आहे.
बावीस वर्षं एवढ्यावर भागलं.

मग युनिव्हर्सिटीच्या रेगेबाई आल्या, वह्या घेऊन,
आणि घोडीखाली उभं राहून सहज बोलून गेल्या,
हनोखराव, हे त्याच्या पायांचं उरलेलं.
जमिनीवर चालायचा तो, कधीकाळी.

त्या रात्री ते जेवले नाहीत.
पाळकसाहेबांकडे जाऊन आले.
पाळकसाहेब म्हणाले, आपण हाडं पुसायची,
वाचायची नाहीत.

मी तेव्हा बारावी सायन्सला होते. क्रूर होते.
गॅसच्या पावतीमागे झाडासारखं काहीतरी काढलं,
एका फांदीवर माकड, शेजारच्या फांदीवर आम्ही घरचे सगळे,
आणि प्रार्थनेच्या वहीत खुणेसारखं खोचलं.
ते ओरडले नाहीत.
चष्मा लावून बराच वेळ बघत बसले.
म्हणाले, तुझी आई जरा बारीक आलीय यात.
मग दिवा मालवता मालवता म्हणाले,
मला एक सांगाडा नुसता पुसायला
अख्खा शनिवार लागतो, रिबेका.
करायला किती लागत असेल?

हे उत्तर आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.
आजही वाटत नाही, खरं तर.
पण ती पावती त्यांनी वहीतून काढली नाही.

गेल्या महिन्यात न्हाणीघरात घसरले. वय एक्याऐंशी.
दांडिया बाजारात डॉक्टर पारेखांनी
एक्स-रे उजेडावर धरला
आणि पाठकण्याच्या अगदी टोकाशी पेन टेकवलं.
पूंछडीनुं हाडकुं, काका. तिराड पडी छे.
वडील माझ्याकडे वळले.
मराठीत काय म्हणतात गं याला?
मला तोंडात शब्द धरून ठेवता आला नाही.
माकडहाड, म्हटलं.

खोलीत फक्त पंखा.
मग ते असे हसले की कळ आली,
कळ आली तरी हसत राहिले.
कुणी ठेवलं असेल हे नाव?
कोण जाणे. शाळेत न गेलेल्या कुणीतरी.
म्हणजे देवमासासुद्धा त्यानंच ठेवलं असणार.
बघ, जो मासाच नाही त्याच्यात देव,
आणि आपल्या बुडाशी माकड.
आणि ते टोक बघत राहिले,
पुढे कशालाच न जोडलेलं,
तारेशिवाय टांगलेलं.

आता दर रविवारी आम्ही वेळेआधी पोचतो.
त्यांना बाकावर बसायला रबराची गोल उशी लागते.
घरून फुगवून आणली तर रिक्षात मावत नाही.
म्हणून मी देवळाच्या पायरीवर बसते,
नळी ओठांत धरते
आणि फुंकते.
सुरुवातीला काहीच होत नाही.
मग सुरकुत्या हळूहळू जातात.
ते शेजारी काठी टेकून उभे असतात,
आत घंटा दुसरंच कुणीतरी वाजवतं,
चुकीच्या ठेक्यात,
आणि ते म्हणतात, घाई नको.
अजून थोडी.