गो-नोगो

अंबडच्या कंपनीत माझं काम एवढंच:
बुशिंगच्या भोकात गेज घालायचं.
हिरवं टोक आत गेलं पाहिजे,
लाल टोक जाता कामा नये.
पाळीला नऊशे नग.
जो बसत नाही तो लाल ट्रेमध्ये,
त्याबद्दल कोणी कोणाशी बोलत नाही.

प्रज्योत साडेपाच वर्षांचा.
पहिल्या शाळेत बाईंनी विचारलं, बाळा, नाव काय तुझं?
तो म्हणाला, पुढील थांबा पवननगर.
दुसऱ्या शाळेत रंग विचारला.
तो म्हणाला, कृपया दरवाजापासून दूर उभे राहा.
तिसऱ्या शाळेत, गंगापूर रोडला,
त्याला काही विचारलंच नाही.
मला विचारलं, शॅडो टीचर तुम्ही आणाल ना?
म्हणजे पगारही तुमच्याकडेच.
जागा तशा भरल्यात, पण फॉर्म ठेवून जा.
फॉर्मचे तीनशे.

जिना उतरताना मोनाली म्हणाली,
तुमचं ते हिरवं टोक घातलंच नाही त्यांनी.
डायरेक्ट लाल.

मंगळवार, शुक्रवार कॅनडा कॉर्नर.
खाली चष्म्याचं दुकान, वर थेरपी,
पाऊण तासाचे सातशे.
म्हणून मी रात्रपाळी मागून घेतलीय,
बाकड्यावर बसल्या बसल्या डोळा लागतो.
दाराशी चपलांचा ढीग, आत कोणीतरी ओरडतंय,
आपलंच का, हे सगळे एकदम मान वळवून ऐकतात.
सिन्नरची एक बाई डब्यातली द्राक्षं पुढे करते.
इथं कोणी विचारत नाही, तुमच्याला काय झालंय.
विचारतात, झोपतो का?

सिव्हिलच्या कागदावर पासष्ट टक्के आले.
माझ्या आईला वाटलं, पास झाला.
तिनं गल्लीत साखर वाटली.
मी काही बोललो नाही.

थेरपीच्या गौरांगी मॅडम म्हणाल्या,
बोलतोय की तो.
पुढील थांबा म्हणजे, बास झालं, मला इथून न्या.
तेव्हा मला देवळालीचं लग्न आठवलं.
बँडच्या गाडीशेजारी कानांवर हात ठेवून
तासभर म्हणत होता, पुढील थांबा, पुढील थांबा,
आणि चारचौघांत मी त्याला
दोनदा मारलं होतं.
हे मी मॅडमना सांगितलं नाही.
मोनालीला माहीत आहे.

शेवटी उत्तमनगरची मनपा शाळा.
अठ्ठेचाळीस पोरं, एक पंखा, अहिरे बाई.
म्हणाल्या, मला यातलं काही येत नाही हां.
विशेष शिक्षक आहेत, पण सहा शाळांना मिळून एक,
येतील तेव्हा येतील.
बसू दे तोवर.
तो म्हणाला, पुढील थांबा त्रिमूर्ती चौक.
बाईंनी खडू खाली ठेवला.
बरं. किती थांबे राहिलेत?
त्यानं त्यांच्याकडे नाही, बांगड्यांकडे पाहिलं.
चार, म्हणाला.

आमचं घर तिथून चालत पाच मिनिटांवर.
बस लागतच नाही.
पण चार म्हणाला.

पहिल्या दिवशी घंटा वाजली तसा तो बाकाखाली गेला,
फोन आला, या, घेऊन जा.
एक तास दहा मिनिटं.
दुसऱ्या दिवशी एक तास पाच.
तिसऱ्या दिवशी दोन तास, कारण घंटेचा शिपाई रजेवर.
मोनाली कॅलेंडरवर लिहून ठेवते,
दुधाच्या हिशोबाखाली.

लाल ट्रेमधले एकवीस नग
मी डब्यात लपवून घरी आणलेत.
तो ते फरशीच्या रेघेवर मांडतो,
जेवण गार होईपर्यंत.
काल मी हळूच व्हर्नियर लावला
दोन नगांमधल्या फटीला.
आठ मिलिमीटर. पुढची आठ. त्यापुढची आठ.
एका ठिकाणी सव्वाआठ,
तिथं माझा गुडघा लागला असणार.

मोनाली म्हणाली, ठेवा ना ते आता.
मी अजून एक मोजत होतो.
पुढील थांबा, प्रज्योत म्हणाला,
आणि उठून
दिवा घालवला.