सदतीस पावलं

मोठं आतडं वीतभर कापायचं होतं.
डॉक्टर हवेत बोटं फाकवून दाखवत होते
आणि अप्पा विचारत होते, "वीत कुणाची? तुमची का माझी?"
उद्यमनगरात बावन्न वर्षं लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाला
अंदाज चालत नाही.

नवी पद्धत आहे, डॉक्टर म्हणाले.
उपाशी ठेवत नाही आता, निजवूनही ठेवत नाही.
वय एकोणऐंशी, म्हणून तर मुळीच नाही.
एक छापील कागद दिला, दिवसावार.
अप्पांनी तो घडी न घालता धरला, जॉबकार्डासारखा.

अडलं पहिल्याच ओळीवर.
रात्री दहा वाजता: साखरेचं पाणी, दोन ग्लास.
सूर्य मावळल्यावर अप्पांच्या तोंडात
चाळीस वर्षांत पाण्याचा थेंब गेलेला नाही.
मी म्हटलं, औषध समजा.
आत्या म्हणाली, "सगळ्यांस्नी उपाशीच चिरत्यात की,
ह्यांचंच काय येगळं?"
अप्पांनी कानातलं यंत्र काढून उशाशी ठेवलं.
म्हणजे, नाही.

भुलेच्या डॉक्टरीण जयसिंगपूरच्या.
खुर्ची ओढून बसल्या, पंचांग मागितलं.
हॉस्पिटलात पंचांग!
वॉर्डबॉयच्या मोबाइलवर निघालं.
मावळतीच्या आत पहिला, पाच पन्नासला.
उगवती सहा सेहेचाळीस, त्यावर दोन घटका,
सात चौतीसला दुसरा.
मग चीर नऊला नाही, पावणेदहाला.
"बसतंय," बाई म्हणाल्या.
अप्पांनी यंत्र परत कानात घातलं. "फिट बसतंय."

शुद्धीवर आले तेव्हा
आधी चष्मा दिला, मग यंत्र, मग आम्ही.
नाकात नळी नव्हती.
मी सारखी नाकाकडेच बघत होते.
संध्याकाळी फिजिओची रेहाना मुल्लाणी आली:
"चला आजोबा, पाय खाली सोडा."
"अगं बाई, पोट उसवंल की!" आत्या.
वडणग्याहून भेटायला आलेली माणसं
हातात शहाळी धरून भिंतीला चिकटली.
अप्पा उठले.
बाटली लोंबकळत, गाऊन मागून उघडा,
लाज झाकायला माझी ओढणी.

दुसरी रात्र वाईट. कागदावर नव्हती तशी.
"अकरा-बाराचा पाना कुठं टाकला?"
मला शेठ समजून थकलेला बोनस मागत होते.
सिस्टरनं दिवा मंद केला,
पुन्हा पुन्हा सांगत राहिली: शनिवार आहे, राजारामपुरी आहे,
ही तुमची थोरली मुलगी आहे.
झोपेचं इंजेक्शन दिलं नाही.
द्यावं असं मला वाटत होतं. खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी च्युइंगम. दिवसातून तीनदा.
नातीनं शिकवलं, "चावायचं, गिळायचं न्हाई."
अप्पा भिंतीकडे बघत चावत राहिले,
बेअरिंगला ग्रीस भरताना असायचे तितके गंभीर.
आणि दुपारी, भरल्या खोलीत,
चांगला लांबलचक वारा सरला.
आत्यानं पदर तोंडात कोंबला.
राउंडवरचे डॉक्टर दारातूनच म्हणाले, "वा!"
"एक्झॉस्ट मोकळा झाला," अप्पा म्हणाले, "आता लोड टाका."
मऊ भात आला.

शेजारच्या खाटेवर गडहिंग्लजचे गुरव मास्तर.
तोच कागद, तेच डॉक्टर, अप्पांहून सात वर्षांनी लहान,
चाललेही जास्त.
त्यांचा जोड आत गळला. परत नेलं त्यांना, रात्रीचं.
खाटेखाली स्लिपर राहिल्या.
अप्पा दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी एवढंच:
"समदं बराब्बर करूनबी गळतंय कधी कधी.
पायपाचंबी तसंच."

पाचव्या दिवशी घरी सोडलं. कागद परत द्यायचा होता.
पहिल्या संध्याकाळच्या रकान्यात
रेहानानं लिहिलं होतं: चाळीस पावलं.
अप्पांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली,
चाळीस खोडलं,
सदतीस केलं,
आणि बाजूला बारीक सही.