अकरा, एक आणि तीन

अकराला, एकला आणि तीनला.
माझ्या हातात माईक, त्याच्या हातात माती.
मी म्हणते, "शेकडो वर्षांची ही कला..."
आणि नो ग्वांग-दू चाकाला लाथ घालतो,
माझं वाक्य संपायची वाट न बघता.

मातीचा जाड पीळ खांद्यावर टाकतो,
झोपलेलं मूल टाकावं तसा,
आणि कडेकडेने बसवत जातो.
आतून लाकडी गोळा, बाहेरून थापटणं.
थप्. थप्. थप्.
भिंत चढते, पातळ होते, पोट धरते.
विसाव्या मिनिटाला रांजण कमरेएवढा.
बसमधून उतरलेले लोक फोन उंच करतात.
"हा रांजण श्वास घेतो," मी सांगते,
"म्हणून किमची यात मुरते, नासत नाही."
टाळ्या.

टाळ्या त्याला अर्ध्याच ऐकू येतात.
उजवा कान थापटण्याने नेला.
चाळीस वर्षं तो कान
रांजणाच्या तोंडाशी होता.

मी सांगत नाही ते एवढंच:
इथे भट्टी नाही.
संग्रहालयाच्या या अंगणात धुराला परवानगी नाही.
लोक दोरीवरच्या कसरतींकडे वळले
की तो बुडाखालून तार ओढतो
आणि दोन्ही हातांनी, मिठीत घ्यावा तसा,
रांजण दाबतो.
आतली हवा सुस्कारा टाकून निघून जाते.
एकच्या खेळाला तीच माती.
सहा वर्षं तीच, वरून थोडं पाणी.

"जिवावर येत नाही?" मी एकदा विचारलं.
"या कानात बोल," म्हणाला, डावा पुढे करून.
मला पुन्हा विचारवलं नाही.

काल तीनच्या खेळानंतर एक पोरगी मागे राहिली.
पुढचे दोन दात नाहीत, हातात उकडलेलं कणीस.
तिने तार बघितली.
तिकडून आई हाका मारत होती.
आता ही रडणार, मला वाटलं,
मी समजुतीची वाक्यं जुळवायला लागले.
ती म्हणाली, "मी फोडू?"

ओला रांजण फुटत नसतो, बसतो.
हे त्याने तिला सांगितलं नाही.
बाह्या दुमडून दिल्या फक्त.
तिने कणीस माझ्या हातात कोंबलं
आणि गेली आत, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत,
गाल मातीला टेकेपर्यंत.
रांजण एका बाजूने गुडघ्यावर आला, मग पोटावर.
आणि म्हातारा हसला.
माईक चालूच होता.
कसरत बघणाऱ्यांनीसुद्धा माना वळवल्या.

रात्री चौदाव्या मजल्यावर
मी फ्रिजमधून किमचीचा डबा काढला. प्लास्टिकचा.
झाकण चारी बाजूंनी खटकन बसतं,
वास बाहेर येत नाही, काहीच येत नाही.
त्याने मागे एकदा विचारलं होतं,
घरी जुना भाजलेला पडलाय एक, देऊ का?
जागा कुठे आहे, मी म्हटलं होतं.

जेवताना दिसलं, नखात माती आहे.
मी तर हातही लावला नव्हता.
कणसाची असणार.