धार

स्विंडनला आलो तेव्हा शेजारच्या क्लाइव्हने बजावलं होतं,
इथलं पाणी खडूचं, वर्षाला एक किटली खातं.
म्हणून त्या सोमवारी धार बारीक झाली
तेव्हा मी आधी शॉवरच्या तोंडावरच आळ घेतला.
पिशवीत व्हिनेगर ओतून रात्रभर बांधून ठेवलं त्याला,
घोड्याला तोबरा बांधावा तसं.
सकाळी भोकं लख्ख, घरभर लोणच्याचा वास,
आणि पाणी तेवढंच:
आधी एका खांद्यावर, मग थोडं थांबून दुसऱ्या.

मंगळवारी नळी सोडवली, फुंकून पाहिली.
जाळीत वाटाण्याएवढी खपली निघाली,
ती मी सावनीला पुराव्यासारखी दाखवली.
ती म्हणाली, बाबा, मी जिममध्ये अंघोळ करते.

बुधवारी माळ्यावर. पोटावर सरपटत, तोंडात टॉर्च,
लोकरीच्या कुसळांनी मनगटं खाजतायत.
टाकी काठोकाठ. तरंगता गोळा शहाण्यासारखा वर.
एक मेलेला कोळी, आणि आधीच्या कुणी
तुळईवर पेन्सिलीने लिहिलेलं: इथे डोकं सांभाळ.
वाचायच्या आधीच आपटलं होतं.

मग कपाट. टॉवेलांखाली, गरम सिलिंडरच्या पायाशी
पंप बसलेला असतो,
आमच्या उशीपासून एका विटेच्या अंतरावर.
सावनीला सांगितलं, वर जाऊन शॉवर सोड.
मी कान लावून.
आणि तेव्हा उमगलं की तीन दिवस
हा बोललेलाच नाही.

त्याच्या पोटात एक इवलीशी पाकळी असते.
पाण्याने तिला पुरेसं ढकललं तरच हा जागा होतो,
नाहीतर वरून आपसूक उतरेल तेवढं उतरू देतो.
म्हणजे आधी तुमच्याकडे थोडा जोर हवा,
मग हा आणखी देणार. बँकेसारखाच.

जोर कुठे अडला ते दिसलं मग.
पंपाआधीच्या दोन पितळी चाव्या,
दोन्हींच्या खाचा तिरक्या, ना उघड्या ना बंद.
कडांवर ताजे ओरखडे.
एकदोन नाहीत, कितीतरी.
आणि टॉवेलांच्या मागे, भिंतीला टेकून
लोणी लावायची सुरी,
जी मी जानेवारीपासून शोधतोय,
जिच्यावरून सावनीला बोललोही होतो.
मुळात धारच नसलेली सुरी.

जानेवारी.
गोदामातली माझी दुपारपाळी, घरी यायला रात्रीचा एक.
हेमांगी पहाटे पाचला उठते, सातला वॉर्डात हजर.
कधीतरी अर्धवट झोपेत मी म्हणालो होतो,
रोज पहाटे घरातून विमान उडतं की काय.
ती काही बोलली नव्हती.

म्हणजे तेव्हापासून रोज, अंधारात,
आधी दोन चाव्या अर्ध्या,
मग अंघोळ,
मग पुन्हा सरळ, माझ्यासाठी.
या सोमवारी बस चुकत असणार.

तेवढ्याशा पाण्याखाली केसांतला साबण निघायला
किती वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे.
मला टक्कल आहे, तरी ठाऊक आहे.

चाव्या सरळ केल्या. कपाट थरथरलं,
एक टॉवेल घसरून पडला.
सुरी धुतली, ड्रॉवरमध्ये सगळ्यात वर ठेवली.
रात्री तिने ड्रॉवर उघडला, बंद केला.
सापडली वाटतं, म्हणाली.
सापडली.
बरं झालं, म्हणाली, आणि डबा भरत राहिली.

गुरुवारी पाचला मी जागा होतो, मुद्दाम,
विमानाची वाट पाहत.
पाणी सुरू झालं.
पंप नाही.

उठलो. कपाटाचं दार किलकिलं,
वरच्या टॉवेलवर पाच पेन्सचं नाणं, अजून कोमट.

तेच घेतलं. बसलो गुडघ्यांवर.
एक चावी. दुसरी.

वरून किंकाळी, मग माझं नाव, पूर्ण, आडनावासकट,
मग बराच वेळ
नुसता पंप.